पैसे कट झाले, पण गेले कुठे?

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी. त्या दिवशी काही तासांच्या अवधीत २८ देशांमधल्या एटीएमसमोर माणसं उभी राहिली. त्यांच्या हातात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या कार्डांच्या नकला होत्या. कार्ड आत सरकवलं, आकडे दाबले आणि यंत्रांनी निमूटपणे नोटा मोजून दिल्या. परदेशात सुमारे १२ हजार वेळा, भारतात सुमारे २,८०० वेळा. परदेशातून ७८ कोटी रुपये गेले, देशातून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यावर आणखी १३ कोटी ९२ लाख रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या या बँकेने शंभर वर्षांहून जास्त काळात पाहिलं नव्हतं असं हे प्रकरण.

यातली खरी थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. एवढे पैसे बाहेर पडले तरी खातेदारांच्या शिलकीतून काहीच वजा झालं नाही. बँकेने तसं तेव्हाच जाहीर केलं, आणि घाबरलेल्या लोकांना ती निव्वळ समजूत वाटली असेल, पण चोरीची रीतच तशी होती.

एटीएमला स्वतःला काही ठरवता येत नाही. ते फक्त विचारतं. हे कार्ड खरं आहे का, पिन बरोबर आहे का, खात्यात एवढी रक्कम आहे का? हा प्रश्न व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेच्या 'स्विच'पर्यंत येतो. स्विच म्हणजे बँकेचा उत्तरं देणारा संगणक. तो आतल्या खातेवहीला विचारतो आणि 'हो' किंवा 'नाही' परत पाठवतो. कॉसमॉसमध्ये चोरांनी घातक सॉफ्टवेअर घुसवून या स्विचच्या जोडीला दुसरा, खोटा स्विच उभा केला. त्या ठरावीक कार्डांबद्दलचे प्रश्न खातेवहीपर्यंत पोचतच नव्हते. वाटेत बसलेला तोतया परस्पर 'हो' म्हणत होता. जगभरातल्या यंत्रांना ते उत्तर कॉसमॉसचंच वाटलं, म्हणून त्यांनी पैसे दिले आणि भरपाई कॉसमॉसच्या माथी आली.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९च्या अहवालात या हल्ल्यामागे उत्तर कोरिया असल्याचं म्हटलं. कोल्हापूरसह देशातल्या काही शहरांत एटीएममधून पैसे काढणारे मात्र आपल्याकडचेच होते. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या या गुन्ह्याच्या खटल्यात एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

ना तिजोरी फुटली, ना कुणाच्या खात्याला हात लागला. चोरलं गेलं ते फक्त एका शब्दाचं अधिकारपद. 'हो' म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे, एवढ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. एकदा हे लक्षात आलं की रोजच्या ऑनलाइन व्यवहारातले आपले सगळे त्रास वेगळे दिसू लागतात. पैसे अडकणं, दोनदा कट होणं, दुकानदाराने मान हलवणं, कंडक्टरने तिकीट हातातच धरून ठेवणं, हे सगळे त्या एका 'हो'च्या प्रवासातले घोटाळे आहेत.

हा प्रवास एकदा सावकाश बघू या. सकाळची वेळ, शनिवार पेठेतलं एखादं अमृततुल्य. चहा पिऊन झाला, गिऱ्हाईक विचारतं, "स्कॅनर कुठाय?" काउंटरवर चिकटवलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात पैशाचं काहीच नसतं. मुळात तो एक पत्ता असतो, दुकानदाराचा यूपीआय आयडी. मोबाइलमधलं अ‍ॅप तो वाचतं, रक्कम विचारतं आणि मग पिन मागतं. इथली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पिन टाकायचा तो पडदा अ‍ॅपच्या कंपनीचा नसतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने, पुरवलेला तो तुकडा असतो आणि पिन तिथेच कुलूपबंद होतो. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला तो वाचता येत नाही.

अ‍ॅप ही विनंती आपल्या भागीदार बँकेकडे देतं. लक्षात घ्या, ही तुमचं खातं असलेली बँक नव्हे. अ‍ॅपला यूपीआयच्या जाळ्यात उभं राहायला एखाद्या बँकेचा आधार लागतो, आणि तो कोणाचा हे वापरणाऱ्याला सहसा ठाऊकही नसतं. ५ मार्च २०२०च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि फोनपे ठप्प झालं, कारण फोनपे तेव्हा येस बँकेच्या आधाराने चालत होतं. ज्यांचं येस बँकेशी कधी काही देणंघेणं नव्हतं, अशा असंख्य लोकांना त्या रात्री पैसे पाठवता येईनात.

भागीदार बँकेकडून विनंती एनपीसीआयकडे जाते. ही संस्था २००८ साली स्थापन झाली, तिने ११ एप्रिल २०१६ला यूपीआय सुरू केलं. एनपीसीआय आधी दुकानदाराच्या बाजूला विचारते, हा पत्ता कोणाचा, त्यामागे कोणतं खातं? उत्तर आलं की तुमच्या बँकेला सांगते, दहा रुपये वजा करा. तुमची बँक पिन तपासते, शिल्लक बघते, वजा करते आणि 'हो' म्हणते. मग दुकानदाराच्या बँकेला निरोप जातो, दहा रुपये जमा करा. तिचा 'हो' आला की दोन्ही अ‍ॅपना कळवलं जातं. शेवटी दुकानदाराच्या अ‍ॅप कंपनीचा सर्व्हर काउंटरवरच्या साउंडबॉक्सला त्याच्या स्वतःच्या सिमकार्डावरून निरोप देतो आणि तो डबा बोलतो, दहा रुपये मिळाले.

दहा रुपयांच्या चहासाठी एवढे 'हो'. प्रत्येकाला मोजके सेकंद. जून २०२५पासून वजा-जमा करण्याच्या निरोपाला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १५वर आणली गेली. आणि ऑगस्ट २०२५मध्ये असे व्यवहार महिन्याला २,००० कोटींच्या वर गेले. यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की या सगळ्या वेळात एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे गेलेलेच नसतात. दोन्ही बँकांनी आपापल्या वहीत आकडे बदलले, एवढंच. खरा हिशेब दिवसातून काही ठरावीक वेळा होतो. कोट्यवधी चहा, भाजीच्या जुड्या, रिक्षाची भाडी यांची बेरीज-वजाबाकी होऊन या बँकेने एकंदर किती द्यायचे, त्या बँकेने किती घ्यायचे, असे निव्वळ आकडे उरतात आणि ते रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर चुकते होतात. तोवर सगळा कारभार एकमेकांच्या शब्दावर चालतो.

आता त्रासाकडे येऊ. वाटेत कुठेतरी उत्तर 'नाही' आलं तर? ती खरं तर चांगली बातमी असते. समजा तुमच्या बँकेने पैसे वजा केले आणि दुकानदाराच्या बँकेने जमा करायला नकार दिला. एनपीसीआय लगेच उलटा निरोप पाठवते आणि पैसे परत येतात. नकार ऐकून सगळ्यांना पुढे काय करायचं ते कळतं.

गोची होते ती दुकानदाराची बँक गप्प बसल्यावर. तुमचे पैसे वजा झालेत. जमा करण्याचा निरोप गेला आहे. पंधरा सेकंद उलटले, उत्तर नाही. दोन शक्यता आहेत. एक, निरोप पोचलाच नाही, म्हणजे पैसे जमा झाले नाहीत. दुसरी, निरोप पोचला, पैसे जमाही झाले, फक्त परत येणारा 'हो' हरवला. एनपीसीआयच्या खुर्चीत बसून या दोन्ही शक्यता हुबेहूब सारख्या दिसतात. पहिली धरून पैसे परत केले आणि खरी दुसरी निघाली, तर दहा रुपये दोघांकडे. दुसरी धरून गप्प बसलो आणि खरी पहिली निघाली, तर दहा रुपये कुणाकडेच नाहीत. म्हणून व्यवहार लटकत ठेवतात, दोन्ही बँकांच्या वह्या जुळवून बघेपर्यंत. मोबाइलवर पिवळ्या रंगात 'पेंडिंग' दिसतं. काउंटरपलीकडचा माणूस आणि आपण एकमेकांकडे बघत राहतो.

हे बँकांचं निव्वळ गबाळेपण आहे, असं आपल्याला वाटतं. काही वेळा असतंही. पण याच्या मुळाशी संगणकशास्त्रातलं एक जुनं कोडं आहे, आणि ते सुटत नाही हे सिद्ध झालेलं आहे. १९७५ साली ते एका शोधनिबंधात मांडलं गेलं आणि १९७८मध्ये जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं, दोन सेनापतींचं कोडं. आपण ते आपल्या मुलखात आणून बघू.

समजा एक सरदार सिंहगडावर आहे, दुसरा पुरंदरावर. मधल्या खोऱ्यात शत्रूचा तळ. दोघांनी एकाच पहाटे हल्ला केला तर जय, एकट्याने केला तर सर्वनाश. बोलणं फक्त जासुदामार्फत, आणि जासूद खोऱ्यातून जाताना पकडला जाऊ शकतो. सिंहगडावरून निरोप निघतो, "उद्या पहाटे." पण तो पोचला हे कळल्याशिवाय सिंहगडकर हलणार नाही. म्हणून पुरंदराहून उलट जासूद निघतो, "पोचला, येतो." आता पुरंदरकर अडतो. माझं उत्तर पोचलं नसेल तर सिंहगडकर उतरणारच नाही आणि मी एकटा पडेन. म्हणून सिंहगडाहून तिसरा जासूद, "तुमचं उत्तर मिळालं." मग तो पोचला का, यासाठी चौथा.

असं करत करत कधीतरी दोघांची खात्री पटेल, असं वाटतं ना? पटत नाही. समजा, एवढे जासूद पाठवले की पुरे, अशी एखादी पद्धत सापडली. त्यातला शेवटचा जासूद घ्या. तो पकडला जाऊ शकतो, आणि तो गेला तरी पद्धत निभावली पाहिजे. निभावत असेल तर त्या जासुदाची गरजच नव्हती. काढून टाका. आता त्याच्या आधीचा शेवटचा झाला. त्यालाही तोच न्याय. एकेक करून सगळे गळतात, आणि एकही निरोप न पाठवता दोघांचं एकमत होतं असं म्हणायची पाळी येते, जे उघडच खोटं आहे. म्हणजे तशी पद्धत नाही. जिथे निरोप हरवू शकतो तिथे दोन बाजूंना एकमेकांबद्दल पूर्ण खात्री कधीच मिळू शकत नाही. कितीही वेगवान इंटरनेट आणा, कितीही महागडे सर्व्हर बसवा.

एवढा लहानसा युक्तिवाद, आणि त्यातून अमृततुल्यातल्या त्या पिवळ्या पडद्यापर्यंत सरळ वाट येते. मला हे फार सुंदर वाटतं. 'पेंडिंग' कमी करता येईल, शून्य करता येणार नाही.

मग जग चालतं कसं? याचं उत्तर आपल्या सावकारांना संगणकाच्या कितीतरी आधी सापडलं होतं. पेशवाईत उत्तरेकडून पुण्याला येणारा पैसा मोठ्या प्रमाणात हुंड्यांनी येई. नाण्यांच्या थैल्या वाटेत लुटल्या जात, म्हणून एका गावच्या पेढीवर रक्कम भरायची, तिच्याकडून दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेला कागद घ्यायचा, आणि तिथे तो दाखवून पैसे घ्यायचे. पण कागदच वाटेत हरवला तर? त्यासाठी सोय होती. हरवलेल्या हुंडीबद्दल दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी, परपेठ. या प्रतींमध्ये मूळ हुंडीचा हवाला असे आणि अट असे की मूळ हुंडीवर पैसे दिले गेले नसतील तरच या कागदावर द्यावेत. प्रती कितीही निघोत, पैसे एकदाच निघायचे.

आजची यंत्रणा नेमकी याच युक्तीवर उभी आहे. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा १२ आकडी क्रमांक असतो. तुमच्या बँकेच्या एसएमएसमध्ये आणि अ‍ॅपच्या तपशिलात तो यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक म्हणून दिसतो. उत्तर आलं नाही तर यंत्रणा त्याच व्यवहाराबद्दल पुन्हा विचारते, याचं काय झालं? समोरच्या बँकेने आपल्या वहीत तो व्यवहार शोधायचा. झाला असेल तर 'झाला' म्हणायचं, दुसऱ्यांदा जमा करायचं नाही. खात्री मिळत नाही हे मान्य करून, चूक झाली तरी पैसे दोनदा निघू नयेत एवढी तजवीज केली की व्यवहार चालू शकतो.

इथेच आपण, म्हणजे काउंटरसमोर उभी असलेली माणसं, गफलत करतो. पिवळा पडदा दिसला, मागे रांग आहे, दुकानदार म्हणतो "आले नाहीत हो." आपण पुन्हा स्कॅन करतो. आपल्याला वाटतं, तोच व्यवहार पुन्हा रेटला. पण नव्याने स्कॅन केलं की नवा क्रमांक तयार होतो. आपण पेठ पाठवलेली नसते, दुसरी हुंडी लिहिलेली असते. पहिली नंतर जागी झाली की पैसे दोनदा जातात, आणि यंत्रणेच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र, खरे व्यवहार असतात. मग परत मागायचे ते बँकेकडे नाही, दुकानदाराकडे. म्हणून लटकलेल्या व्यवहाराच्या वेळी खिशात रोख असेल तर ती द्यावी आणि दुकानदाराकडे तो क्रमांक नोंदवून ठेवावा, हाच मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

अविश्वासाचा भार किती होऊ शकतो याचं अद्भुत उदाहरण १२ एप्रिल २०२५ला घडलं. हनुमान जयंतीचा शनिवार. देशभर यूपीआय काही तास कोलमडलं. त्याआधी २६ मार्चलाही ते अडखळलं होतं. एनपीसीआयने नंतर कारण तपासलं. कुणी हल्ला केलेला नव्हता. काही बँकांकडून 'या व्यवहाराचं काय झालं?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही. त्या चौकशांचा पूर एवढा झाला की नव्या व्यवहारांना वाट मिळेना. "आले का? आले का?" या प्रश्नाखाली सबंध देशाची देवाणघेवाण दबली. जासुदांची गर्दी एवढी झाली की खिंडच बंद झाली म्हणा ना. त्यानंतर नियम आला की पहिली चौकशी काही वेळ थांबूनच करायची, आणि मोजक्याच वेळा. आता अ‍ॅपला लटकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारता येते, मध्ये ९० सेकंदांचं अंतर ठेवून. शिल्लक बघण्यावरही एका अ‍ॅपमध्ये दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली.

गणित खात्री देत नाही, तेव्हा कायद्याने पुढे यायचं असतं. तसं तो आलाही आहे, आणि हे प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला कळकळीने वाटतं. २० सप्टेंबर २०१९ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. यूपीआयवरून एका व्यक्तीने दुसरीला पैसे पाठवले, वजा झाले आणि पलीकडे जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसाच्या आत ते परत आलेच पाहिजेत. दुकानदाराला पाठवलेले असतील आणि त्याच्याकडे पोच आली नसेल, तर पाच दिवसांच्या आत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, खातेदाराला. एटीएममधून नोटा आल्याच नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तरी पाच दिवस आणि तीच भरपाई. यातलं सर्वांत मोलाचं वाक्य असं की ही भरपाई बँकेने आपणहून द्यायची आहे, ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता.

दहा रुपयांच्या चहासाठी दिवसाला शंभर रुपये. ही रक्कम चहाची नाही, अडकवून ठेवण्याची आहे. निरोप हरवणं कुणाच्या हातात नसेल, पण वह्या वेळेत जुळवणं नक्कीच बँकेच्या हातात आहे, आणि परिपत्रकाने बोट नेमकं तिथे ठेवलं आहे. तरी किती लोक बँकेच्या काउंटरवर हे परिपत्रक आठवून बोलतात? बहुतेकांना "सात दिवस थांबा" असं सांगितलं जातं आणि ते थांबतात.

या थांबण्यातच खरा धोका आहे. पैसे अडकलेला माणूस अस्वस्थ असतो. तो मोबाइलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो, आणि तिथे ठगांनी आधीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. फोन उचलणारा गोड बोलतो, एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला लावतो, पडदा त्याला दिसू लागतो आणि अडकलेल्या पाचशेच्या मागे खातं रिकामं होतं. सायबर पोलीस हे पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. अधिकृत व्यवस्था जिथे बोलत नाही तिथे दुसरं कुणीतरी बोलायला येतं. तक्रार करायची ती अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावर बोट ठेवून, किंवा बँकेच्या पासबुकावर, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. ३० दिवसांत उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि फसवणूकच झाली असेल तर १९३०, तेही ताबडतोब, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

काउंटरच्या पलीकडच्या माणसाची बाजूही तेवढीच खरी आहे. मंडईतल्या भाजीवालीला गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा दाखवतं, हिरवी खूण, 'पेड'. तो पडदा खरा कशावरून? हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत. कॉसमॉसच्या तोतया स्विचने जे २८ देशांत केलं तेच ही अ‍ॅप चाळीस रुपयांच्या मेथीसाठी करतात. म्हणून ती मावशी गिऱ्हाइकाच्या पडद्याकडे बघतच नाही. तिचा कान डब्याकडे असतो. २०१९मध्ये पेटीएमने हा बोलका डबा आणला आणि बघता बघता तो गाड्यागाड्यावर पोचला, कारण त्याने 'हो' म्हणायचा अधिकार पैसे देणाऱ्याच्या हातातून काढून पैसे घेणाऱ्याच्या टेबलावर ठेवला. वाचता येवो न येवो, तराजू धरलेले हात मोकळे असोत नसोत, उत्तर कानावर पडतं. पीएमपीच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी कंडक्टर पोच दिसेपर्यंत तिकीट देत नाही आणि प्रवासी वैतागतो, तिथेही तेच आहे. त्याच्या हिशेबातल्या तुटीची भरपाई त्याच्याच खिशातून व्हायची असते.

अविश्वासाचं आणखी एक कारण अलीकडे छोट्या व्यापाऱ्यांना सतावतं. कुठल्यातरी फसवणुकीतला पैसा चार खात्यांतून फिरत फिरत कुणीतरी त्यांच्या दुकानात खर्च करतो आणि तपासात त्यांचं खातं गोठवलं जातं. माल दिला, दाम घेतला, आणि तरी माल भरायला खात्यातून पैसे काढता येत नाहीत. कुठून आलेला पैसा आपण घेतो आहोत हे भाजीवालीला कसं कळावं? तेवढी वादातली रक्कम अडवावी, अख्खं खातं नव्हे, ही त्यांची मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.

काही दुरुस्त्या झाल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. जून २०२५च्या अखेरीपासून पैसे पाठवण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसलं पाहिजे, असा नियम झाला. आधी लोक स्वतःला हवं ते नाव लावत. १ ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची 'मागणी' पाठवायची सोय बंद झाली. जुना सोफा विकायला काढणाऱ्याला "मी लष्करात आहे, पैसे पाठवतो, फक्त पिन टाकून स्वीकारा" असं सांगून लुबाडणाऱ्यांचं ते मुख्य हत्यार होतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, ही गोष्ट पाठ करून ठेवण्यासारखी आहे. पिन हा तुमचा स्वतःचा 'हो' आहे, आणि तो टाकला की बँकेच्या दृष्टीने तुम्हीच बोललात.

राहिलं आहे ते एक छोटं काम, आणि ते अवघड का असावं हे मला समजत नाही. एखादा व्यवहार लटकतो तेव्हा एनपीसीआयला नेमकं माहीत असतं की कोणाचं उत्तर यायचं आहे. वजा करणाऱ्या बँकेचं की जमा करणाऱ्या बँकेचं. पण आपल्या मोबाइलवर फक्त 'पेंडिंग' येतं. त्याऐवजी पडद्यावर लिहावं: तुमच्या बँकेने पैसे वजा केले आहेत, दुकानदाराच्या अमुक बँकेचं उत्तर आलेलं नाही, अमुक तारखेपर्यंत ते आलं नाही तर पैसे परत येतील, त्यापुढे दिवसाला शंभर रुपये. मराठीत लिहावं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आणि दुकानदाराच्याही.